कागदावरचा स्टोअरकीपर

परुळेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाळूत गुडघ्यांवर बसून खिळे ठोकत होते. ब्याण्णव सालच्या थंडीत माझ्या मुलीच्या, सुनंदाच्या, दुसऱ्या बाळंतपणासाठी मी दुबईला आले होते. पहिल्याच शुक्रवारी जावई विलासराव म्हणाले, "आई, आज आमची मॅच आहे. डबा तेवढा करून द्याल का?" मला वाटलं चार पोळ्या. निघाला बारा जणांचा डबा. एवढं रांधल्यावर ते खातं कोण ते तरी बघावं म्हणून मीही गाडीत बसले. शारजाच्या पलीकडे जिकडे तिकडे वाळू, मधोमध सिमेंटची एक पट्टी, तिच्यावर हिरवं मॅटिंग अंथरलेलं, आणि मॅटिंगच्या कडेला पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ, डोक्याला पंचा, हातात हातोडी. मी म्हटलं, "एवढी मोठी कंपनी, खिळे ठोकायला एक माणूस मिळत नाही?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मिळाला की, मावशी. मीच तो." हे गृहस्थ कॅप्टन आहेत, शुक्रवारच्या लीगचे सेक्रेटरी आहेत आणि कंपनीच्या गोदामाचे मुख्य आहेत, हे मला जेवणं वाढताना कळलं.

श्री. दत्ताराम परुळेकर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्यावर पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीही लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंतची. तर म्हणाले, दहा वर्षं जेवण तुम्ही घातलंत, आता चार ओळीही घाला. म्हणून घालते. गोड कमी वाटलं तर चालवून घ्या.

आता दुबईत नवीन आलेल्या मंडळींना ही लीग म्हणजे काय ते ठाऊक नसेल. तेव्हा कंपन्यांना क्रिकेटचं वेड लागलेलं होतं. बँकेची टीम, कंत्राटदाराची टीम, रंगाच्या डब्यांचा व्यापार करणाऱ्याची टीम. बाउंड्रीला दोरी नव्हती, त्या व्यापाऱ्याचे रिकामे डबे वाळू भरून मांडलेले असायचे. दुपारच्या नमाजाला खेळ थांबायचा, कारण निम्मे खेळाडू लाहोर-कराचीचे. तीच जेवणाची सुट्टी. नमाज पढून आले की माझ्या थालीपिठांवर पहिला हात त्यांचाच पडायचा.

तर या कंपन्या मुंबईच्या मैदानांवरून, तिकडे लाहोरहून, चांगली पोरं हेरून आणायच्या. पण चेंडू टाकायला म्हणून काही व्हिसा मिळत नाही. मग कागदावर लिहायचं क्लार्क, हेल्पर, स्टोअरकीपर. पोरगा सकाळी हजेरीला सही करायचा, घरी येऊन झोपायचा, संध्याकाळी नेटमध्ये आणि शुक्रवारी मैदानात. हात चालतोय तोवर लाड. हात गेला की खलास, बॅग भरा. आमचे विलासराव असेच आले. गोलंदाज म्हणून आणले, कागदावर स्टोअरकीपर. सुनंदाला आणि थोरल्या नातीला आणायची परवानगी मिळाली तीही त्याच कागदावर.

फरक एवढाच की त्यांच्या कंपनीत परुळेकर होते. परुळेकरांच्या टीममध्ये कागदावर जे लिहिलंय ते करावं लागायचं. शनिवार ते गुरुवार सकाळी सातला अल कूजच्या गोदामात हजर. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट, कुठल्या रॅकवर काय, कुठल्या साइटला काय गेलं, सगळं हाताने लिहून ठेवायचं, आणि गुरुवारी परुळेकर तोंडी परीक्षा घ्यायचे. बाकीच्या कंपन्यांचे खेळाडू दुपारी बारापर्यंत लोळत असताना आमचे जावई लोखंडाच्या गंजाने हात लाल करून घरी यायचे. जेवताना पुटपुटायचे, "मला बॉल टाकायला आणलंय की पाइप पुसायला?" सुनंदा सहा महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन तेच म्हणायची. नातेवाइकांना फोनवर सांगितलेलं असायचं, जावई खेळाडू आहे म्हणून.

मला राग आला. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी परुळेकरांसमोर उभी राहिले. त्यांच्या ताटात तिसरी भाकरी होती. म्हटलं, "परुळेकर, तुम्ही माझ्या जावयाला राबवून घेताय. दुसऱ्यांचे बॉलर झोपा काढतात."

"मावशी, त्यांचा व्हिसा घरी असेल ना? त्यावर काय लिहिलंय बघा."

"मला इंग्रजी येत नाही."

"लेकीला वाचायला सांगा. बॉलर लिहिलेलं निघालं तर उद्यापासून गोदामात येऊ नका म्हणावं."

"आणि तुम्हाला पाइप मोजायची एवढी हौस असेल तर जन्मभर तेच मोजत बसा," मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि चौथी भाकरी मागितली. मी दिली. ताटावरच्या माणसाला नाही म्हणू नये म्हणून दिली, दुसरं काही कारण नव्हतं.

त्यांच्या स्वभावातला हा हट्ट सगळ्यांना सारखाच लागू होता, हेही लिहिलं पाहिजे. लीगचा नियम असा की टॉसच्या आधी प्रत्येकाने आपलं लेबर कार्ड दाखवायचं, म्हणजे भाड्याचा माणूस आणता येऊ नये. एका सेमीफायनलला आमचा यष्टिरक्षक तापाने पडला. टीममधल्या कोणी तरी मस्कतहून एक नावाजलेला खेळाडू बोलावला आणि तापात पडलेल्याचं कार्ड त्याच्या खिशात घातलं. दोघांनाही मिशा होत्या, समोरच्या टीमने मान डोलावून कार्ड परत दिलं. परुळेकरांनी ते हातात घेतलं, त्या माणसाच्या तोंडाशी धरलं आणि समोरच्या कॅप्टनला म्हणाले, "ये फोटो इसका नहीं है. हम दस खेलेंगे."

आमची मंडळी चवताळली. एक जण म्हणाला, "साहेब, दहा जणांनी आपण हरू."

"मग हरू," परुळेकर म्हणाले.

आणि हरलो. मस्कतच्या पाहुण्याला मात्र त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या गाडीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही. बारा जणांचं जेवण करून हरायला जायचं, हा मला अपमान वाटला होता.

त्यांच्या बॅटिंगबद्दल लिहायचं की नाही, यावर मी विचार केला. गौरवाचं पुस्तक आहे, म्हणून एवढंच म्हणते की ते बॅट घेऊन गेले की मी चहा ठेवायची नाही, कारण पाणी उकळायच्या आत ते परत यायचे.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या की पाचव्या वर्षाची. मी एव्हाना वर्षातले आठ महिने इथेच असायची. एके सकाळी पाहिलं की विलासराव डाव्या हाताने केस विंचरतायत. दुसऱ्या दिवशी फळीवरचा पिठाचा डबा काढायला त्यांनी स्टूल घेतलं. सहा फुटी माणूस, स्टूल कशाला? मी सुनंदाला बाजूला घेतलं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग ओट्याला टेकून रडली. उजवा खांदा गेला होता. दोन महिने ते गोळ्या खाऊन बॉल टाकत होते. डॉक्टर म्हणाले होते, यापुढे बॉलिंग बंद.

"आई, तू परुळेकरांना काही बोलायचं नाहीस," सुनंदा म्हणाली. "त्यांना कळलं की अरबाबला कळणार. मग आमचं इथलं खलास."

अरबाब म्हणजे कंपनीचे मालक. मनाने वाईट नव्हते, पण टीमवर पैसा ओतायचे आणि त्यांना बक्षिसाचा कप हवा असायचा. त्याच वर्षी दुसऱ्या दोन कंपन्यांनी असे दोन दुखावलेले गोलंदाज परत पाठवले होते. एकाच्या बायकोने बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत मला सांगितलं होतं की बॅग भरायला एक आठवडा दिला. थोरली नात शाळेत जायला लागली होती. गावाकडे विलासरावांना नोकरी नव्हती, खोली भाड्याने गेलेली होती. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी फार वेळा गप्प बसलेली नाही, पण तेव्हा बसले.

शुक्रवार उजाडला. विलासरावांनी पहिली ओव्हर टाकली. तिसरा चेंडू हातातून सुटून त्यांच्याच पायाशी पडला. चौथा यष्टिरक्षकाकडे तीन टप्पे खात गेला. परुळेकर चालत गेले, त्यांच्या हातातून चेंडू घेतला, दुसऱ्याला दिला आणि विलासरावांना लांब बाउंड्रीच्या डब्यांपाशी उभं केलं. जेवायलाही विलासराव आले नाहीत, तिथेच डब्यावर बसून राहिले. पाहुण्यांच्या खुर्चीत त्या दिवशी अरबाब स्वतः होते.

शनिवारी सकाळी साडेसातला गोदामात फोन आला, परुळेकर आणि बॉलर दोघांना ऑफिसात पाठवा. विलासरावांनी तेवढं घरी कळवलं. सुनंदाने मुकाट्याने कपाटावरची मोठी बॅग खाली घेतली. मी म्हटलं, "ठेव ती वर." ती म्हणाली, "आई, तुला काही कळत नाही." बॅग दाराशी राहिली. धाकटी तिच्यावर चढून बसली. मी डाळ शिजत ठेवली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ऑफिसात काय झालं ते विलासरावांनी दुपारी जेवताना सांगितलं, जसं सांगितलं तसं लिहिते. अरबाब म्हणाले, "परुळेकर, तुम्हारा बॉलर खलास?"

"बॉलर खलास, अरबाब. स्टोअरकीपर ठीक है."

अरबाब हसले. "हबीबी, वो तो कागज का स्टोअरकीपर है. सबका ऐसा ही है."

"मेरा ऐसा नहीं है. कुछ भी पूछो."

अरबाबच्या टेबलावर जुमेराच्या साइटची तक्रार पडलेली होती, दोन इंची व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून. त्यांनी तोच प्रश्न टाकला. परुळेकर खिडकीबाहेर बघत राहिले, जणू त्यांचा काही संबंध नाही. विलासराव म्हणाले, उत्तर आपोआप आलं. तिसरी रॅक, खालचा कप्पा, चौदा आहेत. त्यातले दोन गळके आहेत, त्यांना लाल दोरा बांधलाय, ते साइटला देऊ नका. आणि साइटवाले मिळत नाहीत म्हणतात ते खोटं आहे, त्यांनी मागितलेच नाहीत, मागणीचा कागद आलेला नाही.

अरबाबनी ड्रायव्हरला गोदामात पिटाळलं. अर्धा तास तिघंही बसून होते. चहा आला, विलासरावांना कप डाव्या हाताने धरावा लागला, अरबाबनी ते पाहिलं. ड्रायव्हर परत आला. चौदा, दोघांना लाल दोरा. साइटच्या फोरमनला फोन लागला, आणि तो मागणीच्या कागदाबद्दल चाचरायला लागला.

अरबाबनी फोन ठेवला. मग म्हणाले, "यल्ला, जाओ, काम करो." विलासराव दाराशी पोचल्यावर त्यांनी परुळेकरांना विचारलं, "फिर बॉल कौन डालेगा? इस साल हार जाएँगे."

परुळेकर म्हणाले, "हारेंगे, अरबाब."

हे ऐकून झाल्यावर सुनंदा उठली आणि बॅग परत कपाटावर चढवायला निघाली. विलासराव म्हणाले, थांब, मी देतो, आणि स्टूल आणायला गेले. आम्ही तिघंही तेव्हा पहिल्यांदा हसलो. त्या दुपारी मी दोन तास झोपले. दुबईला आल्यापासून दुपारी झोपले नव्हते.

त्या वर्षी टीम हरली, चांगली सडकून हरली. हरल्याचा एवढा आनंद मला आधी किंवा नंतर झालेला नाही. ऑफिसातल्या त्या प्रसंगानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी पुरणपोळ्या केल्या होत्या. परुळेकरांनी पाच खाल्ल्या आणि विचारलं, "मावशी, आज मला काही बोलला नाहीत?" मी म्हटलं, "खाताना माणसाला बोलू नये." त्यांना कळायचं ते कळलं असावं. मी तोंडाने आभार मानले नाहीत. आम्हा दोघांनाही ते जमत नाही.

पुढे मला कळलं की त्यांच्या हाताखालून गेलेल्या नऊ खेळाडूंपैकी एकालाही खेळ संपला म्हणून परत जावं लागलं नाही. कोणी साइटवर आहे, कोणी खरेदी बघतो. त्यांनी कोणाला आधी समजावून सांगितलं नाही की बाबा, हे तुझ्यासाठी आहे. शिव्या खाल्ल्या, माझ्यासकट सगळ्यांच्या, आणि दर गुरुवारी परीक्षा घेतली. सांगितलं असतं तर आम्ही शिव्या कमी दिल्या असत्या. हा त्यांचा एक दोष मी इथे नोंदवते.

आता साठी झाली, व्हिसा संपला, परुळेकर वेंगुर्ल्याला परत चाललेत. गोदामाच्या किल्ल्या त्यांनी गेल्या शनिवारी विलासरावांच्या हातात दिल्या, उजव्या हातात.

परुळेकर, मी तुम्हाला एकदा म्हटलं होतं, जन्मभर पाइप मोजत बसा. ते शब्द मी मागे घेते. त्यांच्या जागी हे लिहिते: तुम्ही शंभर वर्षं जगाल, गुडघे दुखणार नाहीत, डोळ्यांना खिळा न खिळा दिसेल, आणि ताटात चौथी भाकरी कोणी न मागता पडेल. आता हे कागदावर आलंय. कागदावरचं खरं करून दाखवायचं असतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, तेव्हा पुढचं तुम्ही बघा.