आईच्या पायातला काटा

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनात घोळतेय. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सुट्टीला सोलापूरहून गावी आलेय. आज उजाडताच आईला घेऊन गावामागची टेकडी चढायला निघाले. कडाक्याची थंडी, खाली ज्वारीची हिरवीगार शेतं. लहानपणी याच वाटेनं आम्ही मायलेकी शेळ्या घेऊन यायचो. तेव्हा आईच्या पायात सारखा काटा मोडायचा. ती काटा काढायला बसायची, मग मीही बसून घ्यायचे.

आज अर्ध्या वाटेत आईला धाप लागली. पण "थांबूया" म्हणेल तर ती आई कसली! शेवटी मीच म्हणाले, "आई गं, काटा मोडला!"

आई लगेच दगडावर बसली. जरा दम खाल्ला. मग माझा पाय मांडीवर घेतला, बुटाचा जाड तळ दाबून बघितला आणि हसली.

"ह्यातनं काटा गेला व्हय?"



पदरानं माझ्या बुटावरची धूळ पुसत म्हणाली, "माज्या बी पायात कदी काटा न्हवता. तू लई दमायचीस, पण कबूल करायची न्हाईस की."

तुमच्यासाठी असा काटा कुणाच्या पायात मोडायचा?