कुरुदच्या तळ्यावरची बेचाळीस बदकं

माझी बायको शेवंता ऑगस्टमध्ये गेली, आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत मी बहुतेक पलंगावरच होतो. इथं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये बत्तीस वर्षं क्रेन चालवली. वरच्या केबिनमधून तापलेलं लोखंड इंचभरही न हुकता ठेवणारा कवडू मेश्राम, असा माझा लौकिक होता. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगायचो. आता त्याच कवडूला घरात चहाची गाळणी सापडत नव्हती.

ऐन पुसाच्या, म्हणजे पौषातल्या थंडीत नागपूरहून मुलगी सुनिता आली. तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझी रजई ओढली.

"बाबा, उठा. कुरुदच्या तळ्यावर पाखरं आली म्हणते."

"मले काय करायचं पाखराईचं?"

"मोजून या. किती हायेत ते मले सांगा."

मोजायचं काम म्हटल्यावर उठलो. माकडटोपी, दोन स्वेटर, वरून शेवंताची शाल. रस्त्यात कुत्री भुंकली, त्यांना दोष देता येत नाही.

तळ्यावर धुकं होतं. पलीकडे बदकं ओळीनं बसली होती. दोनदा मोजली, बेचाळीस. एकही हलत नव्हतं. काय शिस्तीचे पक्षी आहेत, असं वाटलं. चार दिवस मी सुनिताला हाच आकडा ऐटीत सांगितला.

पाचव्या दिवशी ऊन लवकर पडलं. तळ्यात शिंगाडे लावणारा तेजराम काठावर होता. त्याला मी माझी बदकं दाखवली. तो अदबीनं छत्तीसगढीत म्हणाला, "चिरई नोहय, कका. मोर सिंघाड़ा के बोतल आय."

ती पाखरं नव्हतीच; शिंगाड्याची आपली हद्द कळावी म्हणून त्यानं दोरीला रिकाम्या बाटल्या बांधल्या होत्या.

मी तिथंच बसलो आणि हसत सुटलो. हसता हसता रडू कधी लागलो, मलाच कळलं नाही. तेजरामनं काटक्या पेटवून माझे हात शेकवले. मग मीच सांगितलं, की दर थंडीत शेवंता म्हणायची, 'चला ना, तळ्यावर उन्हात बसू', आणि मी सुट्टीच्या दिवशी घोरत पडायचो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं मला आपल्या डोंगीत, लहानशा होडीत बसवलं. लव्हाळ्यामागे खरी बदकं होती, लाल डोक्याची. आम्ही जवळ जाताच सगळी एकदम उडाली. पंखांचं गार पाणी तोंडावर आलं, आणि मी घाबरून तेजरामच्या गळ्यातच पडलो. ती परत पाण्यावर उतरेपर्यंत मी श्वास रोखून पाहत होतो. कितीतरी महिन्यांनी काहीतरी बघावंसं वाटत होतं.

दरवर्षी ती डोंगरांपलीकडून येतात, उन्हाळ्याआधी जातात आणि पुसात परततात, असं तेजरामनं सांगितलं. पुढच्या पुसापर्यंत आपण असायला हवं, असं माझ्या मनात आलं.

सुनिता नागपूरला गेली, तरी मी रोज तळ्यावर जातो. डोंगी वल्हवायला शिकतो आहे. दोनदा ती शिंगाड्याच्या वेलांत घुसवली. तरीही तेजरामच्या बायकोनं मला दुपारी जेवायला बोलावणं अजून थांबवलेलं नाही.