हो म्हणायला वेळ लावणारा माणूस

वर्धेजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत कुणालाही काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: 'हौ.' लग्नाला या, हौ. बचत गटाच्या मीटिंगला वेळेवर या, हौ. नेलेली शिडी उद्या आणून द्या, हौ. यात कुणी खोटं बोलत नसतं. दारी आलेल्याला पाणी द्यावं, तसा आम्ही 'हौ' देतो. पाणी दिलं म्हणजे जेवायला वाढलंच असं थोडंच आहे!

आमच्या गल्लीत हो म्हणायला वेळ लावणारा माणूस एकच, पुंडलिकराव. म्हणून ते लोकांना फारसे आवडत नाहीत. कुणी पत्रिका घेऊन आलं की हे चष्मा लावून तारीख वाचणार आणि तोंडावर सांगणार, "मले जमणार नाई." आता काय म्हणावं! आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं, पण पत्रिका हातात असताना नाही म्हणणं म्हणजे अपमानच. मग त्यांच्या बायकोला, कमलाकाकूंना, सारवासारव करत चहा टाकावा लागतो.

मी त्यांना काकाजी म्हणते. मूळचे इथल्याच आंजी गावचे. आईवडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे. समुद्र पाहिला तो थेट नोकरी लागल्यावरच. मालवाहू जहाजावर डेक धुण्यापासून सुरुवात केली, पुढे सुकाणू हातात आलं आणि निवृत्तीपर्यंत हातात राहिलं. पोरं 'कप्तान' म्हणून चिडवतात. ते चिडत नाहीत, चूक तेवढी दुरुस्त करतात. "कप्तान नाई रे. कप्तान सांगत होता, मी चाक फिरवत होतो."

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'आय'. काकू म्हणाल्या, "मेथीची जुडी आना, अन् कोथिंबीर जून नको," की हे दारात उभे राहून मेथी, कोथिंबीर सगळं परत म्हणून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "आय." काकू कपाळावर हात मारतात. "अर्धा जलम याइच्या आय-आयमंधीच गेला माहा!"

काकूंच्या ब्लाऊजचं माप घ्यायला गेले तेव्हा मी एकदा विचारलंच, हे आय म्हणजे काय.

"जुना इंग्रजी 'हो' हाये तो," काकाजी म्हणाले. "स्कॉटलंडच्या लोकाइच्या तोंडी आजई साधा 'हो'च हाये. लंडनच्या पार्लमेंटात मतं घेतात तवा 'आय'वाले एकीकडं, 'नो'वाले एकीकडं. पण जहाजावर अर्थ येगळा. कप्तानानं इचारलं त 'येस' म्हणाचं. हुकूम देल्ला त 'आय'. 'येस' मंजे तुमचं बरोबर हाये. 'आय' मंजे मले समजलं अन् आता मी करतो. समजलं नसन त म्हणाचं नाई. जमत नसन तरी नाई. मागं पुरं जहाज असते ना, बाई."

मी हसले. म्हटलं, वर्धेत कुठलं आलंय जहाज!

माझा मुलगा अनुप सव्वीस वर्षांचा आहे, समज पाच वर्षांच्या पोराची. त्याचे वडील गेल्यापासून आम्ही दोघंच. समोर कुणी बसल्याशिवाय तो घास तोंडात घालत नाही. कुकरची शिट्टी वाजली की कान दाबून मोरीत बसतो. संध्याकाळी रेल्वेच्या पुलावरून मालगाडीला हात दाखवायचा, मग घरी यायचं. गाडी उशिरा आली तर आम्हीही उशिरा. शिलाई मशीन आणि अनुप, यांत माझा दिवस जातो. त्याचा मला कंटाळा येत नाही. भीती मात्र वाटते.

माझ्या गर्भपिशवीचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, गाठ मोठी आहे, लांबवू नका. आठवडाभर अनुपजवळ कुणी राहायचं, हा प्रश्न होता. भाऊजींना विचारलं. "हौ, हौ, काऊन नाई! बिनघोर जा." आदल्या दिवशी फोन आला, की सासुरवाडीला जावं लागतंय. तारीख गेली. पुढच्या तारखेला नणंदबाई हौ म्हणाल्या. त्यांचा फोनच लागेना. भरलेली पिशवी मी पुन्हा रिकामी केली आणि भिंतीकडे तोंड करून रडले. तिसऱ्यांदा तारीख मागायला गेले तेव्हा डॉक्टर खरोखर रागावले.

तेव्हा मी काकाजींकडे गेले. म्हटलं, "काकाजी, अनुपकडे पाहाल का जरासं?"

त्यांनी आधी चष्मा लावला. मला वाटलं, झालं, हेही गेले.

"जरासं मंजे किती?" ते म्हणाले. "कोन्या दिवसापासून? तो काय खाते, कशाले भेते, रडला त काय कराचं? नीट सांग. इचारू नको, सांग."

मी सांगत गेले. समोर बसायचं. कुकर लावायचा नाही. पूल, मालगाडी. झोपताना पाय दाबायचे. त्यांनी सगळं ऐकून जसंच्या तसं परत म्हटलं. भ्यायला की कुठं जाऊन बसतो, हे सांगायचं राहिलं होतं, ते विचारून घेतलं. मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"आय," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर मी दवाखान्यात शांत झोपले. भूल उतरली तेव्हा पोट दुखत होतं, पण अनुप जेवला असेल का, हा विचार मनात आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले तर अनुप काकाजींसमोर बसून खिचडी खात होता. काकूंनी आठवडाभर सगळं पातेल्यातच शिजवलं होतं. मी म्हटलं, काकाजी, आता तुम्ही आराम करा. पण ते उठेनात. अनुप कधी झोपला, कुठं खरचटलं, कोणता सदरा घालायला नको म्हणतो, सगळं सांगितलं. मी "हौ, हौ" करत होते.

"परत सांग मले," ते म्हणाले. टाके दुखत असताना मला सगळं पाठ म्हणून दाखवावं लागलं, तेव्हा कुठं त्यांनी चपला घातल्या. असा राग आला! आणि असं वाटलं, की या माणसाच्या पाया पडावं.

दारात मी त्यांना थांबवलं. आतापर्यंत ज्यांना ज्यांना जे विचारलं आणि ते सगळे पटकन हौ म्हणाले होते, तेच त्यांना विचारलं. "काकाजी, मी गेल्यावर याच्याकडे पाहाल?"

त्यांनी अनुपकडे पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे.

"नाई, सरिता," ते म्हणाले. "सत्तरी झाली माही. मी तुह्या आधी जाणार. हे मी कसं म्हणू?"

मी रडले, पण वाईट वाटून नाही. माझ्या मुलाविषयी इतकं खरं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांच्या हौवर मी वर्षानुवर्षं निजून होते. त्यांच्या नाहीनं मी उठून बसले. हे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाच्या मुलीला, सुरभीला, पुण्याला फोन लावला. ती नोकरी करते आणि अनुपवर तिचा जीव आहे. या वेळी 'पाहशील ना गं' म्हटलं नाही. माझ्यामागे अनुप कुठं राहील, काय खाईल, कशाला भितो, तिला काय काय सोडावं लागेल, सगळं नीट सांगितलं. मग थांबले.

पलीकडून आवाज येईना. फोन कट झाला असं वाटलं, पण तिचा श्वास ऐकू येत होता. सुरभी विचार करत होती. मी फोन कानाला धरून बसून राहिले, तिला हवा तेवढा वेळ.