वाळूवर जगाचे वाटे

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली, की जाळ्याच्या दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा घालायचं काम दाजी कुबलचं. भांडणात आमचा गाव कुणाला हार जाणारा नाही, पण दाजीने घातलेल्या वाट्यावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. मी त्याचा सख्खा पुतण्या, तरी मलाही कधी एक मासा जास्त मिळाला नाही, हे मी अजून रागानेच सांगतो.

त्याची एकुलती एक मुलगी अक्षया नर्स आहे. तिला ऑस्ट्रेलियातल्या इस्पितळात नोकरी लागली आणि आमचा हा न्यायाधीश मुका झाला. हो नाही, ना नाही. आणि बाबा हो म्हणाल्याशिवाय जायचं नाही, असं तिनेही धरून ठेवलेलं.

परवा सकाळी वाटे झाल्यावर त्याने एकदाचं विचारलं, "थंय माणसां किती रवतत गो?"

अक्षयाने काठीने ओल्या वाळूवर जगाचा नकाशा काढला. मग माझ्या वाट्याची पेडव्यांची पाटी, मला न विचारता, त्याच्यापुढे ठेवली. बोटाएवढे मासे ते.

"बाबा, अख्ख्या जगाची माणसां ह्या पाटयेत आसत असा समज. घाल वाटे."

दाजीने जागा बघून वाटे घातले. रशियाला ढीग, कॅनडाला ढीग, ऑस्ट्रेलियाला ओंजळभर. अक्षया हसली आणि उचलत सुटली. रशियात पाच ठेवले, कॅनडात एकदोन. भारताचा ढीग रेषेत मावेना, थेट अरबी समुद्रात घसरला. बांगलादेशाच्या चिमूटभर जागेत मासे एकावर एक. ऑस्ट्रेलियात तिने एकच पेडवा ठेवला.

दाजी उकिडवा बसून बघत राहिला. जन्मभर आम्ही वाटे बघितले, पण माणसं अशी मांडलेली कधी बघितली नव्हती.

"एवढ्या जाग्यात येकच?" दाजी म्हणाला. "आणि आपलो गाव खंय?"

"बाबा, एका खवल्यात आपले कितीक गाव बसतीत."

पाटीत अजून दोनचार मासे उरले होते, पण दाजीने तिकडे हात नेला नाही. भारताच्या ढिगातला एक पेडवा त्याने दोन बोटांनी उचलला आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या एकट्याशेजारी हलकेच ठेवला.

"कधी निघतलंस?" त्याने विचारलं.

भारताचा ढीग होता तेवढाच दिसत होता. दाजी मात्र मासा उचलला त्या जागेवरून नजर काढीना.