बॉम्बची राख आणि आमच्या चिंचेवरचे बगळे

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मायवर आणि तिच्या चिंचेवरच्या बगळ्यांवर. गेल्याच्या गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगराईची मारबत गावाबाहेर न्यायच्या वेळी झाला. चोरून नाही, अख्ख्या गावादेखत झाला.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तो वारला तेव्हापासून शेत तीच करते. अल्लीपूरच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या कडेला तलाव, तलावाला लागून तिचं खळं आणि खळ्यात ती चिंच. पावसाळा लागला की शेकडो बगळे या चिंचेवर घरटी करायचे. खाली पांढरा सडा, वर दिवसभर कलकल, आणि सगळ्या खळ्याला कुजक्या माशांचा वास. मोठी माय त्यांच्याशी भांडायची. "मुडद्याहो, एक लुगडं तरी वाळू द्या मायं!" पण ढेकूळ कधी उचललं नाही. झाडाखालची माती खरवडून ती कपाशीच्या पऱ्हाटीला खत म्हणून टाकायची.

मी तेव्हा वर्ध्याला राहून अणुबॉम्बविरोधी पत्रकं छापून घेत होतो आणि नालवाडीपासून नाचणगावपर्यंत सायकलवर वाटत होतो. पत्रकात साधी गोष्ट होती. दूर जपानच्या पलीकडच्या समुद्रात बॉम्ब फोडतात, त्याची राख ढगांत चढते, हजारो मैलांवर पावसाबरोबर उतरते. पाण्यातून माशात जाते, माशातून पाखरात, गवतातून दुधात, दुधातून लेकरांच्या हाडांत. हे खरं होतं, आजही खरं आहे, त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही. बॉम्ब फोडणारे म्हणतात, एवढ्याशा राखेनं कोणाचं काय बिघडतं? वर्ध्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या तलावात काही पडलंच असेल तर फार थोडं. पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पडत राहिलं तर पाखरांचं, माशांचं काय होतं, हे अजून कोणी नीट पाहिलंच नाही." कोणी पाहिलंच नाही! आधी फोडायचं आणि मग बघू म्हणायचं, हा कुठला न्याय?

त्या श्रावणात वादळ झालं आणि चिंचेखाली पिल्लं पडली. त्यातल्या एकाची चोच वाकडी होती, वरची एकीकडे, खालची दुसरीकडे. गावच्या मास्तरांनी ते पिल्लू पाय धरून चावडीवर आणलं. मास्तर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे, म्हणून गावात त्यांचा शब्द चाले. त्यांनी आमचं पत्रक काढलं, पाण्यातून माशात आणि माशातून पाखरात एवढंच वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. खाली बॉम्ब बंद करण्याची मागणी होती. ती त्यांनी वाचलीच नाही.

"हे पाहा, निशाणी," मास्तर म्हणाले. "जहर आपल्या तलावात उतरलं, अन् बगळे ते गावावर हगून राह्यले."

मोठी माय तिथंच उभी होती, आणि गावी आलेला मी तिच्या मागे. "चोच वाकडी हाय तं हाय," ती म्हणाली. "काऊन वाकडी हाय, मले का मालूम? तुमाले तरी मालूम हाय का?"

"मोठे माय, तुया बगळ्या-जावयाईले जपानातून मासोया येतात म्हणते!" एक जण मागून ओरडला. चावडी हसली.

"येतात ना. पुढच्या खेपेले तुयाही घरी धाडीन. तुये दात तसेही वाकडेच हायत."

पुन्हा हसणं झालं. मला वाटलं, विषय संपला.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या उपटून, आरडाओरडा करत गावाच्या शिवेबाहेर टाकायच्या. खोकला, खरूज, ढेकूण, जे जे छळतं ते ते मारबतीनं घेऊन जावं म्हणून. त्या सकाळी मी गावीच होतो. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" ही आरोळी लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी तिला जोड मिळाली. "बॉमची राख घेऊन जाय गे मारबत!" आणि शिवेकडे वळायचा घोळका तलावाकडे वळला.

हातात पळस होता, पण बांबूही होते. लांब, टोकाला विळे बांधलेले. म्हणजे आदल्या दिवशीच तयारी झाली होती. घरटी खेचून पाडली. पिल्लं मातीवर आदळत होती, कोणाला पंख फुटलेले, कोणी उघडी नागडी, आणि खाली उभे असलेले त्यांना काठ्यांनी ठेचत होते. मोठी पाखरं किंचाळत माणसांच्या डोक्यावरून फिरत होती, पण दूर जात नव्हती, पिल्लांपाशी परत येत होती, म्हणून तीही मेली. ज्यांच्या घरी कोंबडीचं पिल्लू मेलं तरी हळहळतात, ती माणसं हसत होती. चिखल लाल झाला. त्यात पांढरी पिसं चिकटली.

मोठी माय बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "माया झाडाले हात लावान तं..." तिचं बोलणं पुरं झालं नाही. बांबू तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी धावलो तर दोघांनी मला चिखलात दाबून धरलं. मास्तर वरून म्हणाले, "तुयाच कागदावर लिवलं हाय ना बे? मंग आता काऊन रडतं?"

मी ओरडलो, "कागदावर बॉम्ब बंद करा लिहिलंय! बगळ्यानं फोडला का बॉम्ब?"

घोळक्यातून कुऱ्हाडी आल्या. दुपारपर्यंत चिंचही पडली.

मोठ्या मायचा हात वाकडा बसला. विळा धरता येत नाही, वेचणीला मजूर लावावे लागतात. ठाण्यात माझ्याखेरीज कोणी नाव सांगेना, म्हणून लिहून घेतलं, मारणारे अज्ञात. अज्ञात! एकाच विहिरीचं पाणी पिणारे अज्ञात! पुढच्या वर्षी ज्वारीवर नाकतोडे आले, तेव्हा वखरामागे फिरून किडे टिपणारे बगळे शिवारात नव्हते. मास्तर म्हणाले, हीसुद्धा बॉम्बचीच करणी.

बॉम्ब फोडणाऱ्यांच्या अंगावर आमच्या गावाची काठी पोचत नाही, म्हणून ती पिल्लांवर पडली, एका विधवेवर पडली. याला मी भीती म्हणत नाही, भेकडपणा म्हणतो.

उरलेले बगळे या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावी उतरले आहेत, पारावरच्या चिंचेवर. पिल्लं बाहेर आली आहेत. मास्तर तिथंही जाऊन बोलून आले आहेत आणि पोळा तोंडावर आहे. मोठी माय म्हणते, "मी जाईन. एक हात हाय अजून." ती एकटी गेली तर दुसराही हात मोडतील, नाहीतर डोकं फोडतील.

तुम्ही हे वाचताहात. बॉम्बविरोधी पत्रकावर सही तुम्ही मागाहून करा, ती मी घरी येऊन घेईन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, त्या चिंचेखाली येऊन उभे राहा. बायकामाणसांनाही आणा. काठी आणू नका. बांबू वर गेला की मारणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्या, आणि तेच नाव ठाण्यात येऊन सांगा.