पुलावर बोललेली दोन वाक्यं

आमची चाळ उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पच्या अगदी टोकाला आहे. तिथून अंबरनाथ पश्चिम पायी गाठता येतं. सकाळी पुरुष कामावर गेले की चाळीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात बसायच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात जीन्सच्या पँटींचा ढीग असायचा. पँटी शिवून, धुऊन यायच्या आणि त्यांचे लोंबणारे धागे आम्ही छोट्या कात्रीने कापायचो. एका नगाचे किती, असा हिशेब असायचा. फार मिळत नव्हतं, पण त्यातून पोरीच्या क्लासची फी निघायची. नवऱ्याच्या पगाराला हात लावावा लागत नव्हता.

माल आणायची शेजारची मावशी. साताऱ्याकडची, नवरा वारलेला. कारखान्यातून टेम्पोने बंडलं यायची आणि कुणाला किती द्यायची ते ती ठरवायची. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाला गॅस भरायचाय, सगळं तिला ठाऊक असायचं. त्या बाईकडे त्या आठवड्यात दोन बंडलं जास्त जायची आणि त्यावर कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "तुझी पाळी येईल तवा तुला बी दीन."

माझा नवरा मोरिवलीच्या बाजूला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होता. शांत माणूस. विहारात कार्यक्रम असला की खुर्च्या लावायला पुढे, भाषणाच्या वेळी मागे. तो कधी कॅमेऱ्यासमोर बोलेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्याला बोलायला लावलं ते बोरिंगच्या पाण्याने. चाळीच्या एकाच नळाचं पाणी आम्ही पिण्यापुरतं ठेवायचो, बाकी आंघोळ, धुणीभांडी सगळं बोरिंगवर. त्या वर्षी बोरिंगला एक वेगळाच वास यायला लागला. मग आमच्या पोरीच्या हातांवर, मानेवर लाल पुरळ उठलं. आठवीतली पोर, पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातल्याशिवाय शाळेत जाईना. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाणी बदला म्हणून सांगितलं. पाणी कुठून बदलणार? आमच्या मागच्या नाल्याला त्या दिवसांत कधी निळा तर कधी काळपट रंग असायचा, आणि तो कुठून येतो ते चाळीतल्या लहान पोरांनाही माहीत होतं. ज्या पँटींचे धागे आम्ही कापायचो, त्या धुवायचे कारखाने नाल्याच्या वरच्या अंगाला होते.

एका रविवारी मोबाइलवर बातम्या दाखवणारा एक जण माइक घेऊन नाल्याच्या पुलावर आला. नवरा दूध आणायला गेला होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि बोलला, "हे पाणी जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं आहे. आमच्या पोरींच्या अंगावर पुरळ उठतंय, हे कोण बंद करणार?"

दोनच वाक्यं. घरी येऊन त्याने मला ते सांगितलंही नाही. मावशीनेच संध्याकाळी मोबाइलवर दाखवलं. तेव्हा ती हसत होती. "तुझा नवरा हिरो झाला की गं!"

काही आठवड्यांनी धुण्याचे कारखाने बंद झाले. एका दिवसात सील लागलं. पाण्याच्या तक्रारी कितीतरी आधीपासून चालल्या होत्या, वरून आदेश आला होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा आम्हाला दिसलं ते इतकंच, की टेम्पो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. धुलाई थांबली तशी शिलाई थांबली, आणि शिलाई थांबली तसे आम्ही. चाळीचे उंबरे रिकामे झाले. बायका सवयीने त्याच जागी बसायच्या, हातात काही नसायचं.

मग ती क्लिप पुन्हा फिरायला लागली. या वेळी कुणीतरी खाली ओळ टाकली होती: आपल्या पोटावर पाय देणारा हाच तो माणूस.

त्या दिवसांत जो भेटेल तो दोष कुणाचा यावरच बोलायचा. चहाच्या टपरीवर म्हणायचे, शेठ लोकांनी पैसे वाचवायला पाणी तसंच सोडलं. शेठ म्हणायचे, सरकार को सब पता था, टैक्स भी लेता था, अब अचानक ताला. कुणी म्हणे बदलापूरकडच्या नदी वाचवा म्हणणाऱ्यांनी लावून धरलं, कुणी म्हणे सिंधी लोकांमुळे, कुणी म्हणे बाहेरून आलेल्या भय्या लोकांमुळे. घरी टीव्हीवर महागाईची चर्चा चालायची. त्यात चार जण एकदम ओरडायचे, एक मागच्या सरकारला दोष द्यायचा, दुसरा आताच्या. तेलाची पिशवी मात्र महागच होत होती. इतक्या मोठमोठ्या नावांमध्ये आमच्या चाळीला एक चेहरा हवा होता, आणि तो बाजूच्याच खोलीत राहत होता.

नळावर माझ्याशी बोलणं बंद झालं. मी हंडा घेऊन गेले की बोलणी थांबायची. मावशी समोरून गेली तरी मान फिरवायची. मला सर्वांत जास्त ते लागलं. पोरीच्या वेळी बाळंतपणात माझी आई आजारी होती, तेव्हा मला शेकशेगडी या बाईने केली होती.

एका सकाळी पोरीने शाळेला जायला दार उघडलं आणि तशीच मागे सरकली. आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी नाल्याचं पाणी बादलीभर ओतलं होतं. काळं, गाळासकट. वास घरभर पसरला. मी फडकं आणलं आणि खाली बसले. चाळीतली सगळी दारं उघडी होती आणि एकही बाई बाहेर नव्हती. पोर म्हणाली, "मम्मी, मी आज जात नाही." मी म्हटलं, "जायचं. यावरून उडी मार आणि जा."

त्या दिवशी नवरा घरी आल्यावर आमचं भांडण झालं. इतकं मोठं भांडण लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मी खोटं काय बोललो?" तो म्हणाला. "सांग ना, एक शब्द खोटा होता का?"

"खोटा नव्हता. पण अर्धंच बोललात. तुमच्या कंपनीच्या मागून रात्रंदिवस काय वाहतं ते का नाही सांगितलं? तिथे काय गुलाबपाणी जातं? बायकांचं काम दिसलं तुम्हाला, स्वतःचा पगार नाही दिसला."

ताट पुढे होतं, भात निवत गेला. मग तो हळूच म्हणाला, "सुपरवायझरने काल बोलावलं होतं. क्लिप दाखवली. म्हणाला, कॅमेऱ्याची लई हौस आहे वाटतं, इकडचं तिकडे बोलू नको."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही बोलणार म्हणालो."

घरात त्याचा एकच पगार उरला होता. मी पोरीचा क्लास बंद केला, तिला सांगितलं की क्लासच्या मॅडम गावाला गेल्यात. ती मला ओळखून होती.

मग निवडणुकीचं वारं सुरू झालं. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत एक सभा लागली. उभं राहायची इच्छा असलेले एक भाऊ, ज्यांचे फोटो आमच्या रस्त्यावर प्रत्येक वाढदिवसाला, दहीहंडीला लागत, ते स्वतः येणार होते. संध्याकाळची वेळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठा स्पीकर. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही घरातच बसा." तो म्हणाला, "घरात बसलो तर खरंच चोर ठरेन." आम्ही दोघं जाऊन मागे उभे राहिलो. पोरीला मी नणंदेकडे अंबरनाथला पाठवलं होतं.

भाऊंनी आधी हात जोडले, मग आवाज चढवला. "माझ्या मायमाउलींचा रोजगार कुणी घालवला? बाहेरच्यांनी! आणि बाहेरच्यांना साथ कुणी दिली? आपल्यातल्याच काही घरभेद्यांनी!"

पुढच्या रांगेत त्यांची पोरं होती. त्यातल्या एकाने मागे वळून सरळ आमच्याकडे बोट केलं. "तो बघा, उभाय की! विचारा त्याला!"

सगळ्या खुर्च्या एकदम वळल्या. अशा वेळी माणसांचे चेहरे ओळखीचे वाटत नाहीत. ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं धागे कापले त्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला एकीचंही नाव आठवेना. दोन पोरं उठून आली. एकाने नवऱ्याची कॉलर धरली. "माइकवर ये ना आता. बोल ना!" मी मध्ये हात घातला, त्याने झटकला. माझी पाठ भिंतीला लागली. मारणार, असं मला स्पष्ट दिसलं.

"सोड त्याला."

आवाज मावशीचा होता. ती खुर्चीवरून उठून आमच्याकडे येत होती, पदर खोचलेला, चालताना एका बाजूला झुकत. "सोड म्हंते ना. त्याला शिव्या द्यायच्या तर आमी दिऊ. आमी इथं त्याच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हातो. तू कोण रं? कुठल्या गल्लीतला?"

पोराने कॉलर सोडली. भाऊ माइकवरून "मावशी, मावशी, शांत व्हा" म्हणाले. ती त्यांच्याकडे वळली. "तुमी बी सांगा. मागल्या टायमाला म्हनलावता बोरिंग बंद करून घरोघर नळ दीन. त्यो नळ दिला असता तर पोरीला फोड आले असते का, आन ह्यो बोलला असता का?"

कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. मावशी मग नवऱ्यासमोर येऊन थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला, पण सगळं इतकं गप्प होतं की प्रत्येकाला ऐकू गेलं.

"आन तू. तू खोटं न्हाई बोलला. पर आमाला एकदा इचारायचं हुतंस. काम आमचं हुतं."

नवऱ्याचा चेहरा मी आजही विसरले नाही. मार खायला तो तयार होता, या वाक्याला तयार नव्हता. म्हणाला, "विचारायला पाहिजे होतं, मावशी." मग, कुणी माइक दिला नव्हता तरी, मोठ्याने बोलला, "आणि नाल्यात एकट्या जीन्सवाल्यांचं पाणी नाही. आमच्या कंपनीचं पण जातं. मी रोज बघतो. ते मी तेव्हा बोललो नाही, भ्यायलो होतो."

मी डोळे मिटले. दहा-बारा मोबाइल वर होते.

पुढे काय होणार ते आम्हा दोघांनाही घरी जाताना माहीत होतं. महिनाअखेरीस कंत्राटाच्या नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, गेटवरच्या माणसाने फक्त पास परत घेतला. स्वतःच्याच भांडणातलं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. ते दोन-तीन महिने फार वाईट गेले. माझं मंगळसूत्र तेव्हाच गहाण गेलं, ते अजून आलेलं नाही. तो सकाळी कामावर जायच्या वेळेला तयार होऊन बाहेर पडायचा आणि काम शोधत फिरायचा. मग बदलापूरला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी, आणि संध्याकाळी कंबर धरून यायचा.

चाळीत आमच्याशी सगळे लगेच बोलायला लागले असं नाही. काही बायका अजूनही बोलत नाहीत. मावशीही सभेनंतर बरेच दिवस गप्पच होती. मग एकदा नळावर तिने माझा हंडा आपल्या आधी लावला आणि म्हणाली, "वांगणीला एक जीन्सचा कारखाना उघडलाय. इकडचाच शेठ हाय. बायका पायजेत, तिथंच जाऊन बसायचं. येती का?"

मी विचारलं, "तिथे पाणी कुठे जातं, मावशी?"

"कुठं जानार? मागं वढा हाय, त्याच्या पल्याड शेतं."

घरी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं नको म्हणेल. तो म्हणाला, "जा. फी भरायचीय. पण या वेळी मी काही बोलणार नाही. बोलायचं तर तुम्ही बायकाच बोला."

मी गेले. तिथल्या गावातल्याही बायका कामाला होत्या. त्यांच्यातलीच एक ओढ्याकडे बोट दाखवून म्हणाली, आमची वांगी त्या पाण्यावर आहेत. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या मिळून शेठच्या ऑफिसात गेलो. पुढे मावशी, तिच्या मागे मी. कामावरून काढलं तर घरी काय सांगायचं, तेच डोक्यात होतं. शेठ म्हातारा माणूस, त्याला आमचं पाच नंबरचं सगळं माहीत होतं. तो आधी चिडला. "वहाँ भी यही हुआ, अब यहाँ भी तुम लोग?" मावशी म्हणाली, "तिकडं आमी गप ऱ्हायलो म्हनून बंद पडलं, शेठ. इकडं बंद पडू नये म्हनून आलो."

त्याने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. तो आठवडा कुणाला कधी काढतात या धास्तीत गेला. कुणाला काढलं नाही. पुढच्या आठवड्यात मागच्या बाजूला पाणी साफ करायच्या टाकीसाठी जेसीबीने खड्डा खणायला घेतला. खड्डा झालाय, टाकी अजून नाही. शेठ म्हणतो दिवाळीपर्यंत. शेतवाली बाई रोज जाऊन बघून येते आणि आम्हाला सांगते.

मी अजून तिथेच जाते. पोरीचा क्लास पुन्हा सुरू झालाय. तिची त्वचा आता बरी आहे, मानेवर थोडे डाग राहिलेत. पूर्ण बाह्यांचे ड्रेस तिने अजून सोडलेले नाहीत.