भुईचाफ्याचे उरलेले कंद

नेरच्या बसस्टँडबाहेर ती म्हातारी गोणपाटावर जडीबुटी मांडून बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. भुईचाफ्याचा कंद देताना ती तो नखानं खरवडून आधी स्वतः हुंगायची, मग माझ्या नाकाशी धरायची. आईच्या सुजलेल्या गुडघ्यावर मी तो उगाळून लावत असे.

आई गेली तेव्हा दोन कंद उरले होते. आई आता राहिली नाही, हे दुसऱ्या कुणाच्या कामी येतील, असं म्हणून मी ते म्हातारीपुढे धरले. तिनं हात मागं घेतला.

"दुसऱ्याले नाही चालत, बाबू. खणताना म्या मातीले तुह्या मायचं दुखणं सांगतलं होतं."

"मग फेकू?"

"फेकतं कायले? मातीत पूर. अन् तिले सांग, माय गेली म्हणून."

घरी येऊन कुंडीत कंद पुरले. नातेवाइकांना फोनवर भराभर कळवलं होतं. मातीला सांगायला मात्र तोंड उघडेना.

चैत्रात कुंडीत एकही पान नसताना मातीतूनच पांढरं-जांभळं फूल वर आलं. अंगणभर वास सुटला. मी कुंडीपाशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "आई गेली."